नाव खरवडलेली बाटली

पार्वतम्माला प्रश्न विचारायची खोड होती. खोड कसली, भूकच होती ती. लोहाऱ्याच्या स्टँडवर एसटी थांबली की ही कंडक्टरला गाठून विचारणार, गाडी कुठून आली, वाटेत कुठं थांबली आणि आज उशीर का झाला. आणि हिला स्वतःला जायचं मात्र कुठंच नसायचं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण दिसेल ते वाचायची. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, खताच्या पोत्यावरचं बारीक अक्षर, दुसऱ्याच्या हातातली लग्नपत्रिका, काहीही. घरची पिठाची गिरणी होती. मुलगा रुद्रेश गिरणी चालवायचा आणि ही दारातल्या बाकड्यावर बसून दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकीची उलटतपासणी घ्यायची. ज्वारीचं पीठ पडेपर्यंत त्या बाईच्या माहेरची चार माणसं हिला नावानिशी पाठ झालेली असायची. मधेच पिठानं ठसका लागायचा, पदर तोंडाला लावून ती दोन मिनिटं खोकायची आणि जिथं थांबली होती तिथूनच पुढचा प्रश्न विचारायची. गल्लीत तिला माघारी 'चौकशी खिडकी' म्हणत. हे तिला ठाऊक होतं, कारण तेही तिनं विचारूनच काढलं होतं.

अशा बाईच्या घरात एक प्रश्न चार महिने पडून होता, आणि त्याचं धड उत्तर तिला कुणी देत नव्हतं.

सून महेश्वरी चोवीस वर्षांची. तिची लेक आठ महिन्यांची, तिला पार्वतम्मा लाडानं चिन्नी म्हणायची. दिवाळी झाल्यावर महेश्वरीच्या डाव्या स्तनात बोराएवढी गाठ हाताला लागली. अंगावर पाजणाऱ्या बाईला असं होतंच, दूध साकळलं असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पार्वतम्माचं मत वेगळं होतं. त्यांचं घर लिंगायत, गळ्यातलं लिंग चांदीच्या डबीत, आणि ती डबी नेमकी छातीवर रुळणारी. डबीचा काठ घासला असणार, असा तिनं शोध लावला. डबीला मऊ सुती कापडाची खोळ शिवली, दोरा वीतभर लांब केला, गाठीवर विभूती लावली. बिचाऱ्या डबीचा काही दोष नव्हता. गाठ बोराची लिंबाएवढी झाली आणि एक दिवस फुटली.

मग एका डॉक्टरनं चीर देऊन पू काढला. पंधरा दिवसांत जखम वरून मिटली आणि पुन्हा फुटली. परत चीर दिली, परत गोळ्या झाल्या. या खेपेला तिथं एक बारीक भोक राहिलं आणि ते मिटेनाच. दिवसातून तीनदा ब्लाउज बदलावा लागायचा. काखेत आणखी एक गाठ आली. शेवटी शहरात नेऊन सोनोग्राफी केली, तेव्हा तिथले डॉक्टर पडद्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, कॅन्सर तर नाही ना, हे बघायला लागेल. असलाच तर स्तन काढावा लागेल.

त्या दिवसापासून महेश्वरी बोलायची थांबली. स्वयंपाक करायची, पोरीला पाजायची, पण विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची. रुद्रेश गिरणीचा पट्टा उगाच काढून परत बसवायचा. पार्वतम्माचा स्वभाव असा, की भीती वाटली तरी ती आधी प्रश्नाच्या रूपानं बाहेर यायची. कॅन्सर दिसतो कसा? असाच पाझरतो का? चार महिन्यांत दोन डॉक्टरांना नक्की सांगता येत नाही, म्हणजे तिसरं काही असेल का?

हे सगळे प्रश्न पदरात बांधून ती सुनेला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथं डॉक्टर शिवानी म्हणून एक तरुण बाई नव्यानं आलेल्या होत्या. त्यांनी पडदा ओढला, लिंगाची डबी स्वतःच हलकेच खांद्यामागं सारली, जखम बघितली, काख चाचपली आणि मग जे केलं ते पार्वतम्माला भारी आवडलं. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"संध्याकाळी कणकण येते का? वजन उतरलंय? रात्री घाम येतो? गाठ पहिल्यांदा आली तेव्हा गरम होती का, लाल होती का?"

महेश्वरी मान हलवत होती. गाठ गरम नव्हती, लाल नव्हती, फार दुखतही नव्हती. परकर मात्र दोन बोटं सैल झाला होता.

"डॉक्टरीणबाई, तुमी हे कशापायी विचारायलाव?" पार्वतम्मानं विचारलं.

"आजी, साधं गळू असतं तर तापलं असतं, ठणकलं असतं, आणि दोनदा पू काढून, औषधं घेऊन बरं झालं असतं. हे तसं वागत नाही. कॅन्सर असू शकतो, ते बघायचंच. पण मला टीबीचीही शंका येते."

"टीबी? त्यो तर खोकल्याचा रोग. हितं कसा यील?"

"नखं आणि केस सोडले तर टीबी कुठंही होऊ शकतो. मणक्यात होतो, आतड्यात होतो. स्तनात फार कमी वेळा होतो, म्हणून तर कुणाच्या पटकन ध्यानात येत नाही."

पार्वतम्माचे डोळे मोठे झाले. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात हे तिनं कधी ऐकलं नव्हतं, आणि न ऐकलेलं काही मिळालं की तिला घटकाभर का होईना, बरं वाटायचं.

डॉक्टरांनी चीर दिली नाही. सुई घालून गाठीतला पू ओढून घेतला. दाटसर, पिवळट, चुना कालवल्यासारखा. त्यातला थोडा पाच-सहा काचपट्ट्यांवर पसरला आणि उरलेला एका छोट्या बाटलीत सोडला. बाटलीत आधीच थोडं पाणी होतं.

"हे कसलं पाणी?"

"मीठ-पाणी. मांस टिकवायचं औषध वेगळं असतं, त्यात टाकलं तर टीबीच्या मशीनला काही सापडत नाही. काचपट्ट्यांवर कॅन्सरच्या पेशी आहेत का ते बघतील, आणि ही बाटली मशीनला लावतील. दोन्ही धाराशिवला पाठवायचंय. पण नमुने नेणारा माणूस आजच येऊन गेला, आता शुक्रवारी येईल."

"शुक्रवार? चार दिस?" पार्वतम्मानं सुनेकडं बघितलं. चार दिवस ही पोर जेवणार नाही, हे तिला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर, ते मशीन कसं असतं हेही तिला बघायचं होतं. "म्या नेते की. सकाळच्या एसटीनं जाते, हातात दिऊन येते."

डॉक्टरांनी जरा विचार केला आणि होकार दिला. बाटलीवर आणि काचपट्ट्यांच्या डबीवर पांढरी चिकटपट्टी लावली, पेनानं ठळक लिहिलं: महेश्वरी रुद्रेश, वय २४, डावा स्तन. दोन्ही वस्तू सकाळी बर्फाच्या पिशवीसकट थर्माकोलच्या डब्यात घालून दिल्या. पार्वतम्मानं तो डबा कापडी पिशवीत ठेवला आणि पिशवी काखेत धरून खिडकीची जागा पकडली.

गाडी सुटायच्या आत शेजारी येऊन बसली ती मागच्या गल्लीतली सत्यभामा. डोळे तपासायला धाराशिवला निघालेली. गिरणीच्या बाकड्यावर वीस वर्षं पार्वतम्माचे प्रश्न सोसलेली बाई. आज तिला संधी मिळाली.

"पिशवीत काय हाय ग?"

पार्वतम्माला आयुष्यात पहिल्यांदा एखादा प्रश्न टोचला. "लोणचं," ती म्हणाली.

"धाराशिवात कुणाला?"

"भावजईला."

"तुजी भावजय तर लातूरला असती."

"आलीया हितं लेकीकडं."

"तिला लेक कधी झाली? दोन्ही ल्योकच की तिला." सत्यभामानं पिशवीला हात लावला. "आन् लोणचं असं थंडगार कसं लागायलंय?"

पार्वतम्माला घाम फुटला. ठसका लागला तेवढं बरं झालं, खोकण्यात प्रश्न बुडून गेला. वाटेत गाडी थांबली आणि सत्यभामा पाणी प्यायला खाली उतरली, तेव्हा पार्वतम्मानं घाईघाईनं डबा उघडून बघितला. नाव, वय आणि जागा लिहिलेली ती पट्टी, पण तिला एकच शब्द दिसत होता. सुनेच्या अंगाचं असं जाहीर नाव! ही बया डबा उघडून वाचेल आणि उद्या गिरणीच्या रांगेत सगळ्या गावाला कळेल. तिनं नखानं बाटलीवरची पट्टी खरवडली, डबीवरचीही खरवडली, दोन्हीचा बोळा करून खिडकीबाहेर टाकला. झाकण लावून ती निवांत झाली. सुनेची अब्रू राखल्याचं समाधानही तिला वाटलं, हे सांगितलंच पाहिजे.

धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात नमुने घ्यायच्या खिडकीपाशी हर्षाली नावाची मुलगी बसली होती. तिनं बाटली हातात घेतली, चारी बाजूंनी फिरवली.

"यावर नाव न्हाय."

"म्या सांगते की नाव. लिहून घे. महेश्वरी..."

"आजी, असं चालत न्हाय. नाव न्हाय ते आमी घेतच न्हाय."

"अगं, म्या स्वता आणलीया लोहाऱ्यास्नं. काखेतनं खाली ठिवली न्हाय!"

पार्वतम्माच्या तोंडाचा पट्टा बराच वेळ सुटला होता. हर्षालीनं तो ऐकून घेतला आणि मग तिला खिडकीच्या आत बघायला लावलं. टेबलावर जाळीच्या ट्रेमध्ये बाटल्याच बाटल्या उभ्या होत्या. पिवळट, पांढरट, सारख्या झाकणांच्या, साठ-सत्तर तरी असतील.

"तुमची ह्यातच ठेवली असं समजा. आता मला सांगा, तुमच्या सुनेची कुठली?"

पार्वतम्मानं डोळे बारीक केले. पहिल्या रांगेतली असेल असं वाटलं. मग दुसरीतलीही तशीच दिसली.

"दुसऱ्या कुणाचा कॅन्सर तुमच्या सुनेच्या नावावर गेला तर तिचा स्तन काढतील, आजी. आन् तिचा टीबी दुसरीच्या नावावर गेला तर तिला गोळ्याच मिळणार न्हाईत. कुणाला विचाराल मग?"

पार्वतम्मा डबा घेऊन बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसली. मशीन बघायचं राहूनच गेलं, आणि त्याची तिला आठवणही झाली नाही. आपल्याच नखानं आपण काय खरवडून टाकलं, ते तिला आता कळत होतं, आणि स्वतःचा असा राग आला होता, की परतीच्या गाडीत तिनं कंडक्टरला एका शब्दानंही काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर शिवानींपुढं तिनं सगळं कबूल केलं. डॉक्टर चिडल्या नाहीत, पण म्हणाल्या, "पुन्हा सुई घालावी लागेल." ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. महेश्वरी मुकाट्यानं झोपली. सुई आत गेली तेव्हा तिनं खालचा ओठ दातात धरला आणि सासूचं मनगट घट्ट पकडलं. पार्वतम्माच्या मनगटावर बोटांचे वळ उठले, तरी ते कमीच आहेत असं तिला वाटलं.

"पोरी, माजं चुकलं," ती म्हणाली. "लाज राखाया गेले."

महेश्वरीनं डोळे पुसले. मग कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती आपण होऊन बोलली. "आत्या, बाटलीवर तुमीच लिवा आता. मोठ्या अक्षरात."

पार्वतम्मानं पेन घेतलं. नाव लिहिलं, वय लिहिलं, तो शब्दही लिहिला. चौथीतलं अक्षर, पण लांबून वाचता येत होतं.

या खेपेला हर्षालीच्या खिडकीत बाटली दिल्यावर पार्वतम्मा हलली नाही. दुपारभर धाराशिवच्या त्याच पायरीवर बसून राहिली आणि तासातासानं हर्षालीला विचारून तिचं डोकं खात राहिली. मशीनच्या आत काय असतं? जंतू एवढासा, मग त्याला तो सापडतो कसा? कंटाळून हर्षालीनं तिला दारातून मशीन दाखवलं. पांढरी पेटी होती, मिक्सरपेक्षा थोडी मोठी, आणि तिच्यातून आवाजसुद्धा येत नव्हता. पार्वतम्माला ती फारशी पसंत पडली नाही.

संध्याकाळच्या आत डॉक्टर शिवानींचा रुद्रेशला फोन आला. मशीननं टीबी सांगितला होता. दोन दिवसांनी काचपट्ट्यांचाही निकाल आला: टीबीत दिसतात तशा पेशींचे पुंजके आहेत, कॅन्सरच्या पेशी नाहीत. टीबी झाल्याचं ऐकून आनंदानं रडणारी पार्वतम्मा ही त्या तालुक्यातली पहिलीच बाई असावी. गिरणीत आलेल्या चौघींना तिनं गुळाचा खडा दिला, कशाबद्दल ते मात्र सांगितलं नाही.

"स्तन काढायचा नाही," डॉक्टरांनी महेश्वरीला समोर बसवून सांगितलं. "आता चीरसुद्धा द्यायची नाही. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या. आधी दोन महिने चार औषधं, पुढं चार महिने तीन. बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत. लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही. पोरीला सध्या उजव्या बाजूनं पाजा. या गोळ्या चालू असताना दूध पाजायला हरकत नाही."

"केशरी व्हय?" पार्वतम्मानं विचारलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीच्या दारातून तिनं खरंच विचारलं, "आला का ग रंग?" आतून महेश्वरी हसली. त्या घरात तो आवाज चार महिन्यांनी ऐकू आला.

पण पार्वतम्माच्या डोक्यात आता दुसराच किडा वळवळत होता. डॉक्टर म्हणाल्या होत्या, टीबी हवेतून येतो, खोकणाऱ्या माणसाकडून. आधी श्वासातून आत जातो, मग कधी गपचूप बसून राहतो आणि कधी रक्तातून नाहीतर काखेतल्या गाठींतून दुसरीकडं जाऊन उठतो. महेश्वरीचा छातीचा फोटो स्वच्छ होता; तिच्याकडून कुणाला लागायची भीती नव्हती. मग हिला दिला कुणी?

ती छडा लावायच्या मागंच लागली. कच्च्या दुधातूनही टीबी येतो असं कुठंतरी ऐकून आधी म्हशीवर संशय घेतला, पण घरात दूध तीनदा उकळायची चाल, म्हैस सुटली. मग शिंपी हणमंतप्पा. त्याचा खोकला तर रस्त्यापलीकडून ऐकू यायचा. पार्वतम्मा दोन दिवस त्याच्या मागं लागली आणि त्याला बेडका तपासायला पाठवूनच थांबली. त्याचं काही निघालं नाही, बिडी सोडायचा सल्ला तेवढा मिळाला, आणि हणमंतप्पानं तिचे ब्लाउज शिवणार नाही असं जाहीर केलं. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला आता नवा प्रश्न असायचा, "घरात कुणाला खोकला हाय का? किती दिसापास्नं?"

आठवड्यानं टीबीचं काम बघणारा कुलदीप घरी चौकशीला आला. पार्वतम्मा त्याची वाटच बघत होती. तिनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेली यादी त्याच्या हातात दिली. अकरा नावं, गल्लीसकट, कुणाचा खोकला कोरडा आणि कुणाचा ओला, ते पुढं लिहिलेलं. कुलदीपनं यादी वाचली आणि म्हणाला, "आजी, माझी नोकरी तुमीच करा आता."

पार्वतम्मा फुशारली.

"आता घरचं सांगा. किती माणसं?"

"चार. रुद्रेश, महेश्वरी, चिन्नी आन् म्या."

"दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कुणाला?"

"आमच्यात कुणालाच न्हाय," पार्वतम्मा म्हणाली आणि मांडीवरच्या चिन्नीचं टोपरं सारखं करू लागली.

महेश्वरी दारात उभी होती. तिनं एकदा कुलदीपकडं बघितलं, एकदा पोरीकडं.

"आत्या, तुमी समद्या गल्लीला इचारलं. मला न्हाय इचारलं."

"तुला काय इचारायचं?"

"घरात कोण खोकतं ते."

पार्वतम्माला आधी कळलंच नाही. मग ती हसली. "माजा व्हय? अगं, त्यो पिठाचा खोकला. गिरणीत बसते म्या दिसभर."

"पाडव्याला पट्टा तुटला व्हता. गिरणी तीन दिस बंद व्हती," महेश्वरी हळू म्हणाली. "तुमचा खोकला बंद नव्हता. गणपतीपास्नं हाय त्यो, आत्या."

पार्वतम्मा मनात मोजू लागली. गणपती, दसरा, दिवाळी. दिवाळीनंतर गाठ. रोज सकाळी या सुनेची वेणी घालताना आपण तिच्या मानेवर खोकत होतो. आणि ही पोर तर दिवसभर आपल्याच मांडीवर असते. तिनं चिन्नीला उचललं आणि हात लांब करून कुलदीपच्या पुढं धरलं.

"घे हिला. घे आधी."

कुलदीप गोंधळला. महेश्वरीनं पुढं होऊन पोरीला घेतलं.

"मग बोलली का न्हाईस?" पार्वतम्माचा आवाज फुटला होता.

"डॉक्टरीणबाई बोलल्या तवापास्नं शंका हाय मनात. रोज म्हनायची, आज बोलते. पर जीभ उचलत नव्हती. चिन्नीला तुमच्यापास्नं तोडल्यावर तुमचं काय व्हईल?"

पार्वतम्माच्या बेडक्याची बाटली मशीनला लागली आणि टीबी निघाला. फोटोत उजव्या फुफ्फुसाला वरच्या बाजूला डाग होता, जुनाच. रुद्रेशचं काही निघालं नाही. चिन्नीला तपासलं, तिचाही फोटो काढला. पोर ठणठणीत होती. तिला होऊ नये म्हणून रोज औषध सुरू झालं. पार्वतम्माला डॉक्टर शिवानींनी मास्क दिला आणि सांगितलं, मी सांगेपर्यंत नातीला जवळ घ्यायचं नाही, मोकळ्या हवेत बसायचं, गिरणीतलं बाकडं बंद.

ती अंगणात लिंबाखाली खाट टाकून बसू लागली. पहिल्या दिवशी तिनं मास्कच्या आत इतकं रडून घेतलं, की तो बदलावा लागला. महेश्वरी गोळ्या आणि पाणी घेऊन आली. आता दोघींच्या गोळ्या एकाच वेळी असायच्या. ती चार हात अंतरावर पायरीवर टेकली.

"म्या दिला तुला," पार्वतम्मा म्हणाली. "तुजा स्तन जाणार व्हता माज्यापायी. म्या डबीला खोळ शिवत बसले आन् रोग माज्या तोंडातनं यायलाता."

महेश्वरीनं तिला रडू दिलं. मग आपल्या गोळ्या गिळल्या, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "तुमाला तरी कुणीतरी दिलाच आसंल की, आत्या."

पार्वतम्माचं रडणं अर्ध्यावर थांबलं. तिनं नाक पुसलं.

"व्हय की," ती म्हणाली. "मला कुणी दिला?"

आणि विचार करायला लागली. ते उत्तर काही सापडलं नाही, डॉक्टर म्हणाल्या ते वीस वर्षांपूर्वीचंही असू शकेल. पण लिंबाखालचे दिवस त्या प्रश्नावर निघाले. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा चिन्नी पहिली दोन मिनिटं आजीला ओळख दाखवेना. मग तिनं आजीचं नाक धरून ओढलं आणि पार्वतम्माचा जीव भांड्यात पडला.

दोन महिने झाले. महेश्वरीच्या जखमेवर खपली धरून खाली नवी कातडी आली होती, काखेतली गाठ बोटाला जेमतेम लागत होती, आणि परकराची नाडी पुन्हा जुन्या जागी आली होती. अजून चार महिन्यांच्या गोळ्या बाकी होत्या. पार्वतम्माचा बेडका पुन्हा तपासायचा होता आणि धाराशिवला छातीचा फोटोही काढायचा होता. कुलदीप म्हणाला, बाटली मी पोचवतो. तिनं ऐकलं नाही.

सकाळच्या एसटीत तिला खिडकी मिळाली. मांडीवर तीच कापडी पिशवी होती. लोहारा मागं पडलं आणि मागच्या बाकावरची सत्यभामा उठून शेजारी येऊन बसली, दुसऱ्या डोळ्यासाठी निघालेली.

"आजबी लोणचं का ग?" तिनं डोळा बारीक करून विचारलं.

पार्वतम्मानं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि बाटली तिच्या नाकासमोर धरली. पट्टीवर ठसठशीत लिहिलेलं होतं: पार्वतम्मा गुंडाप्पा, वय ६६, बेडका.

"माजा बेडका हाय. टीबी झालाय मला. गोळ्या चालू हायत. माज्या सुनेला बी झाला, डाव्या स्तनात. कापायचं म्हनत व्हते, आता भरून आलाय." आवाज नेहमीचाच होता, म्हणजे पुढच्या चार बाकांना ऐकू गेला. कंडक्टरनंही मागं वळून बघितलं.

सत्यभामा उठून दुसरीकडं बसेल असं पार्वतम्माला वाटलं, पण ती उठली नाही. गाडी दोन थांबे पुढं गेली. सत्यभामा समोरच्या बाकाकडं बघत होती आणि तिचा एक हात पदराखाली गेला होता, डाव्या बाजूला.

"पारव्वा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "ही बाटली कुटं मिळती?"

पार्वतम्माच्या जिभेवर एकदम दहा प्रश्न आले. कधीपासून, केवढी, दुखते का, घरात कुणाला सांगितलंय. तिनं एकही विचारला नाही. डब्याचं झाकण लावलं आणि सत्यभामाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"उद्या सकाळी गिरणीवर ये," ती म्हणाली. "म्या येते संगं."